पिशवीत मावलेली काठी

माणसं आपल्या अवजारांचं बोलणं ऐकून घेत, त्या काळची ही गोष्ट. भागोजी ज्या बांबूच्या काठीने खाडीवर मासे गरवायचा, ती त्याच्या दुप्पट लांब होती. वीस वर्षं तिच्यामुळे त्याच्या ताटात मासा होता.

मग दूर नदीकाठी, लेकीच्या गावी जायचं ठरलं. भागोजीने बाजारातून नवी काठी आणली. तिचे भाग एकात एक सरकायचे आणि ती पिशवीत मावायची.

"एसटीत तुला कोण घेणार?" तो जुन्या काठीला म्हणाला. "तू राहा दाराआड."

काठीच्या ते जिव्हारी लागलं. मावण्याचाच प्रश्न असेल तर त्यात काय एवढं, असं तिला वाटलं.

"मग मला काप," ती म्हणाली. "तीन तुकडे कर, पण मागे ठेवू नकोस."

"पुन्हा जुळायची नाहीस."

"दोरीने बांध."

भागोजीने करवत आणली. कापताना त्याचा हात एकदाही अडखळला नाही. तिने ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

नदीवर त्याने तुकडे बांधले. पहिलाच मासा ओढताना सांधा निसटला. तेव्हा त्याने नवी काठी उघडली आणि तासाभरात चार मासे काढले.

आता ते भाजायचे होते. काठावरची लाकडं ओली होती आणि बांबू कोरडा होता.

भागोजीने नवी काठी पुसून पिशवीत ठेवली, लेकीच्या पानात मासा वाढला आणि विस्तवाकडे बघत मायेने म्हणाला, "जुनी ती जुनीच. शेवटपर्यंत उपयोगी पडली."