शीड उठेना, माझं घर देईना

चूक हाशा नाखव्याची होती. दुसऱ्या कुणाचीच नाही.

त्याच्या होडीच्या शिडाचा दोर झिजला होता. तुटला, की नाखवा गाठ मारायचा. पुन्हा तुटला, पुन्हा गाठ. सून लखमी म्हणायची, नवा दोर घाला. नाखवा म्हणायचा, नवा दोर नारळी पुनवेला पुजून मग घालू. पुनव आली. पुनव गेली. नाखवा आपला नव्या दोरावर बसलेला.

मग एक दिवस दोर तुटला तो तुटलाच. सुर्रर्र... धप्प! शीड वाळूत पडलं.

वाळूत होता चिंगा. नखाएवढा खेकडा. तो शंखात राहायचा. जरा पाय मोकळे करायला बाहेर आला, आणि शंख गेला शिडाखाली. आता चिंगा उघडा. वर घार. घिर्र घिर्र घिरट्या घालतेय.

चिंगा निघाला. तिरका तिरका, तुरुतुरु.

"शिडा शिडा, ऊठ. माझं घर दे."

"कप्पी फिरेल, तर मी उठेन."

कप्पी म्हणजे डोलकाठीवरचं चाक. चिंगा गेला. तिरका तिरका, तुरुतुरु.

"कप्पी कप्पी, फिर. शीड उठेना, माझं घर देईना."

"माझ्यात जुनी गाठ अडकलीय. लखमी नवा दोर ओवेल, तर मी फिरेन."

तिरका तिरका, तुरुतुरु.

"लखमी लखमी, दोर ओव. कप्पी फिरेना, शीड उठेना, माझं घर देईना."

"दोरावर मामंजी बसलेत. ते उठतील, तर मी ओवेन."

तिरका तिरका, तुरुतुरु.

"नाखवा नाखवा, उठा. लखमी ओवेना, कप्पी फिरेना, शीड उठेना, माझं घर देईना."

नाखव्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

"मला उठवणारा तू कोण? समुद्र येऊन सांगेल, तर मी उठेन."

चिंगा समुद्राकडे गेला. लांब लांब. तिरका तिरका, तुरुतुरु.

समुद्र केवढा! इकडे समुद्र. तिकडे समुद्र. त्याला टोकच नाही. चिंगाचा आवाज फुटेना. मग फुटला, एवढासा.

"समुद्रा समुद्रा, ये. नाखवा उठेना, लखमी ओवेना, कप्पी फिरेना, शीड उठेना, माझं घर देईना."

लाटा थांबल्या. एवढा मोठा समुद्र, पण त्याने ऐकून घेतलं.

"येतो," म्हणाला.

आणि आला. खळळ खळळ, खळळ खळळ.

समुद्र आला, नाखव्याचं बूड भिजलं. टुणकन नाखवा उठला. नाखवा उठला, लखमीने दोर ओवला. लखमीने दोर ओवला, कप्पी फिरली. किर्र किर्र. कप्पी फिरली, शीड उठलं.

वर. आणखी वर. आणखी आणखी वर. त्यात वारा शिरला. फड्! शिडाने अर्धं आभाळ झाकलं. घार चिमणीएवढी दिसायला लागली, आणि निघून गेली.

चिंगा बघतच राहिला. घर समोर होतं, तरी बघतच राहिला. मग शंखात शिरला. पुटुक.

लखमी होडी घेऊन निघाली. ओलं धोतर पिळत नाखवा काठावर राहिला.

होडीचं सुकाणू आता लखमीकडे आहे. नाखव्याला ते परत मिळालं नाही.