ठकूची मोट कोणी हाकली?

कासारखडी हे डोंगराच्या पोटाशी वसलेलं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. चिंतोबा महाराज तिथे कधी आले आणि कुठून आले, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. ओढ्याकाठी एक जुनं देऊळ होतं. एके सकाळी त्याच्या ओवरीत ते बसलेले दिसले आणि मग तिथेच राहिले. पुढे गावाने देवळाला लागून मठ बांधून दिला. महाराज उपदेश असा कधी करत नसत. कोणी दुखणं घेऊन आलं की सगळं ऐकून घेत, "बरं होईल हो," म्हणत, आणि ते बरं होई! त्यांच्या कितीतरी गोष्टी भाविकांच्या तोंडी आहेत. पण ठकूबाई माळणीची गोष्ट सांगायला बसलं की आम्हाला रडूही येतं आणि मधेच हसूही फुटतं.

ठकूचा मळा गावापासून अर्ध्या कोसावर होता. तिचा थोरला मुलगा साप चावून गेला. दुसरा ओढ्याच्या पुरात सापडला. त्या दुःखातून उठते न उठते तोच नवरा तापाने गेला. उरली एकटी सगुणा, तीन वर्षांची, एका जागी म्हणून न बसणारी. मळा कोणाला तरी वाट्याने लावून दे, असं भाऊबंदांनी ठकूला परोपरीने सांगितलं. ठकूने ऐकलं नाही. तिने कासोटा घट्ट खोचला आणि स्वतः मोट हाकायला सुरुवात केली. चार दिवस लोकांनी नावं ठेवली, पाचव्या दिवशी तिच्याच मळ्यातली वांगी मागायला आले.

मोट हाकण्याची रीत अशी. विहिरीपासून एक उतार काढलेला असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेने खाली गेले की पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येते आणि पुढच्या दगडी थारोळ्यात रिती होते. मग हाकणाऱ्याने हाक द्यायची, बैलांनी पावलापावलाने मागे सरत धाव चढायची, म्हणजे मोट पुन्हा विहिरीत उतरते. खाली जाताना हाकणारा नाड्यावर, म्हणजे त्या जाड दोरावर, बसून भार देतो आणि तेवढा वेळ त्याची पाठ विहिरीकडे असते. ठकूला भय होतं ते त्याच घटकेचं. म्हणून तिने जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा करून सगुणाच्या कमरेला बांधला होता, त्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक लिंबाच्या झाडाला. मठात जातानाही दोरी सुटत नसे. तिथे ते टोक ठकूच्या स्वतःच्या कमरेला असे.

महाराज हे रोज पाहत. एकदा सगुणाच्या पायात दोरी अडकली, तेव्हा त्यांनी वाकून ती सोडवली आणि टोक मुकाट्याने ठकूच्या हातात परत दिलं.

त्या वर्षी माघात मठात सप्ताह बसला आणि पुराण सांगायला शहरातून नरहरशास्त्री आले. शास्त्रीबुवा विद्वान खरे, त्यात खोट काढायची नाही. पण ती विद्वत्ता त्यांना पचलेली नव्हती. बोलताना डावीउजवीकडे पाहत, आपल्या वाक्याने कोणाची मान डोलली याची नोंद घेत. पोथीला दुसऱ्याचा वारा लागलेलाही त्यांना खपत नसे.

सहाव्या दिवशी महाराज स्नानाला ओढ्यावर गेले होते. ठकू भाजीची पाटी घेऊन आली, मागे दोरीला सगुणा. शास्त्रीबुवांनी चष्मा वर केला.

"काय हो बाई, वासरू आणलंत की लेकरू?"

मंडळी हसली. ठकूही कसंनुसं हसली. "लेकरूच हाय जी. लई वढाळ हाय, म्हून बांधती."

"भजन कोणाचं करता?"

"देवाचं. म्हाराजांचं."

"तोंडाने देव आणि हाताने दोरी!" शास्त्रीबुवांनी मंडळींकडे पाहिलं. "ज्याने जन्म दिला तो राखायला समर्थ नाही, असंच ना तुमचं म्हणणं? अहो, जळी-स्थळी तोच भरलेला आहे. मग बुडवणार कोण आणि जाळणार कोण? ही दोरी नव्हे, हा तुमच्या अविश्वासाचा दाखला आहे. आणि विश्वास नाही तिथे देव थांबत नाही. तुमची पहिली दोन मुलं गेली, असं कानावर आलं. ती का गेली, याचा विचार केलात कधी?"

आता कोणी हसलं नाही. ठकूचे हात पाटीतच राहिले. मठात स्वयंपाक करणाऱ्या जनाकाकू म्हणाल्या, "बुवा, भलतंच काय बोलता!" पण जे बोललं गेलं ते बोललं गेलं. ठकूने भाजी ओतली आणि महाराजांचं दर्शनही न घेता ती घरी गेली.

वाटेत तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. आपलीच चूक झाली का? आपण मनात भ्यालो, म्हणून देवाने दोन्ही पोरं नेली का? एवढा शिकला-सवरलेला माणूस, तो उगीच कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी सप्ताहाची समाप्ती होती. सगळं गाव मठात लोटलं होतं. ठकूला वांग्यांचे वाफे भिजवून मग निघायचं होतं. तिने बैल जुंपले आणि रोजच्यासारखी दोरी हातात घेतली. गाठ मारायला आली आणि हात थबकला. "म्हाराज, आज तुमच्यावर भार," असं म्हणून तिने दोरी झाडाखाली ठेवून दिली. सगुणाला मूठभर शेंगा दिल्या आणि दहादा बजावलं, "हितनं उठायचं न्हाई. उठलीस तर बघ."

तिच्या काळजाने मात्र हे मान्य केलं नव्हतं. दर खेपेला ती मान वळवून पाही. चार खेपा झाल्या, पाच झाल्या. सहाव्या खेपेला बैल धावेच्या तळाशी पोचले आणि मागून पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ठकूने मागे पाहिलं. लिंबाखाली फक्त शेंगांची टरफलं होती!

ती धाव कशी चढली, तिचं तिलाच ठाऊक नाही. विहिरीला पायऱ्या नव्हत्या आणि ठकूला पोहता येत नव्हतं. यातलं काही तिला आठवलंसुद्धा नाही. तिने सरळ उडी घेतली. पाण्यात हात फिरवता फिरवता केस लागले. ते धरून तिने पोरीला वर उचललं. दुसरा हात भिंतीवर आपटला तिथे दगडांच्या सांध्यातून आलेली पिंपळाची मुळी हाती लागली. सगुणा खोकली, ओकली आणि मोठ्याने रडू लागली. ते रडणं ऐकून ठकूला जेवढं बरं वाटलं, तेवढं जन्मात कशाने वाटलं नव्हतं.

पण वर येणार कशी? ती ओरडली. पुन्हा ओरडली. आसपासच्या मळ्यांत चिटपाखरू नव्हतं. मुळी बोटभर जाड, ती हळूहळू दगडातून सुटत होती. पोरीला डोक्यावर धरलं की ठकूचं तोंड पाण्याखाली जाई. श्वासापुरती वर येई, पुन्हा जाई. मग तिला राग आला. देवाचाही आला, महाराजांचाही आला.

"म्हाराज!" ती वर पाहून किंचाळली. "तुमच्यावर भार टाकला आन् ह्ये असं? मला न्या, मी न्हाई म्हनत न्हाई. पन ह्या पोरीला हात लावाल तर बघा! याद राखा!"

श्रोतेहो, देवाला अशी धमकी द्यायला आईचंच काळीज लागतं!

वर मोटेचं चाक करकरलं.

ठकूने पाहिलं तर मोट खाली येत होती. झपकन नाही, अगदी बेताने, पाळण्यातल्या मुलाला जाग येऊ नये इतक्या हलक्या हाताने. ती पाण्याला टेकली आणि ठकूच्या समोर येऊन कलती झाली. ठकूने सगुणाला आत लोटलं आणि स्वतः दोन्ही हातांनी कडं धरून आत अंग घातलं. "वढा! वढा कुनीबी असाल त्ये!" वरून कोणी उत्तर दिलं नाही. नाडा ताणला गेला, मोट उचलली, आणि मायलेकी पाण्यासकट थारोळ्यात येऊन पडल्या.

ठकूने पोरीला छातीशी आवळून धावेकडे पाहिलं. बैल तळाशी उभे होते, धापा टाकत. नाड्यावर कोणी नव्हतं. धावेवर कोणी नव्हतं. मळ्यात नजर पोचेल तिथवर माणूस नव्हता. आणि ठकूची ती जोडी तिच्या हाकेशिवाय एक पाऊल मागे घेत नसे. मग धाव चढवून त्यांना मागे आणलं कोणी?

तिने बैल सोडले आणि ओल्या अंगाने मठाची वाट धरली.

मठात वेगळाच गोंधळ चालू होता. ठकूला दारात पाहताच जनाकाकू धावत आल्या. "अगं, अशी भिजलीस कशाने? आणि इथे महाराजांनी काय मांडलंय बघ! पुराण ऐन रंगात आलं आणि हे ताडकन उठले, उपरणं कमरेला गुंडाळलं, अन् 'हो हो हो, मागं राजा, मागं' करत पार भिंतीपर्यंत मागे सरले. मग हवेतच बसल्यासारखे झाले आणि 'चल चल' करत दारापर्यंत आले. शास्त्रीबुवांनी पोथी मिटली. म्हणाले, मोट हाकायची हौस असेल तर महाराजांनी मळ्यात जावं, पुराणात विक्षेप नको. निम्मी मंडळी तोंडाला पदर लावून हसली बाई!"

ठकूला पुढचं ऐकू आलं नाही. ती गर्दीतून वाट काढत महाराजांपाशी गेली. महाराज खांबाला टेकून बसले होते, हात मांडीवर उताणे. दोन्ही तळव्यांवर दोराचे लालभडक वळ उठले होते आणि त्यांत अंबाडीच्या नाड्याचे धागे रुतलेले होते.

ठकूने तिथेच बसकण मारली आणि घडलेलं सगळं सांगितलं. शास्त्रीबुवा वळांकडे पाहत होते. पण हार मानणं इतकं सोपं असतं का?

"बैल सवयीने मागे सरले असतील," ते म्हणाले.

"माझं बैल हाय त्ये. मला म्हाईत न्हाई व्हय?" ठकू म्हणाली.

महाराज म्हणाले, "राहू दे ठकू. आधी लुगडं बदल, गारठशील. जना, हिला काहीतरी दे नेसायला. आणि शास्त्री, तोवर पोरीला घे मांडीवर."

शास्त्रीबुवांच्या अंगावर सोवळं होतं आणि पोर निथळत होती. ते 'हो' म्हणेनात आणि महाराजांपुढे 'नाही' म्हणवेना. ठकूलाही पोर त्या माणसाच्या हाती द्यायची नव्हती. पण महाराजांचा शब्द. तिने सगुणाला शास्त्रीबुवांच्या मांडीवर ठेवलं, जनाकाकूंच्या मागे दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. नजर पोरीवर.

सगुणा ती सगुणा. विहिरीतून निघून अर्धा तास झाला नव्हता. तिने शास्त्रीबुवांचा चष्मा पाहिला, पोथी पाहिली, आणि मग पोथीच्या चौरंगाशेजारची पेटलेली समई पाहिली. ज्योत आवडली. तिने झटकन हात पुढे केला.

"अगं ए!" शास्त्रीबुवा केवढ्याने तरी ओरडले. दोन्ही हातांनी त्यांनी पोरीला मागे खेचून छातीशी धरलं. कोपराच्या धक्क्याने चौरंग कलंडला आणि पोथी जमिनीवर गेली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते पोरीचा हात उलटापालटा करून पाहत होते. "भाजलं का गं? कुठे भाजलं?"

महाराज म्हणाले, "का रे, का ओढलीस? पोथी पडली की."

"महाराज, पोर भाजली असती हो!"

"मग? तुझा विश्वास कमी पडला म्हणायचा?"

शास्त्रीबुवांनी पोरीला आणखीच घट्ट धरलं.

"अरे, लेकराला जप, हे आईच्या मनात घालतं कोण?" महाराजांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तिचे हात पुरेनासे झाले की आम्ही धावतो. तिचे हातच सोडवायला तुला कोणी सांगितलं होतं?"

शास्त्रीबुवा उठले आणि महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि उंबऱ्याकडे बोट केलं.

"इथे नव्हे. तिथे."

सगुणाला कडेवर घेऊन शास्त्रीबुवा भरल्या मठातून चालत ठकूपाशी आले. ठकूने आधी पोर काढून घेतली. मग म्हणाली, "बुवा, आज माझी पोर गेली असती तर म्या तुमाला सोडलं नसतं."

"खरं आहे, माय."

"आन् माझी पयली दोन..."

"ती तुझ्या अविश्वासाने गेली नाहीत," शास्त्रीबुवा म्हणाले. "तुझ्यात काही उणं नव्हतं. मी काल खोटं बोललो. पोथीत असं कुठेही लिहिलेलं नाही, मी माझ्या पदरचं घातलं."

विहिरीत न रडलेली ठकू तेव्हा रडली. दोन वर्षांचं साठलेलं ती उंबऱ्यात उभी राहून मोकळेपणी रडली, आणि सगुणा तिचे डोळे पुसू लागली. शास्त्रीबुवा गुडघ्यांवर बसले. ठकू ओशाळून पाय मागे घ्यायला लागली, तोच महाराज तिकडून म्हणाले, "हलू नकोस गं. मोठ्या कष्टाने वाकलाय तो."

आणि नरहरशास्त्र्यांनी सोवळ्यानिशी आपलं मस्तक त्या माळणीच्या चिखलाने भरलेल्या ओल्या पायांवर ठेवलं.