जत्रेतला मोठा शंख

फार जुनी नव्हे, किनाऱ्यावर खाण्यापिण्याच्या जत्रा भरू लागल्या तेव्हाची गोष्ट. शंखात राहणारी टिकली खेकडी दिवसभर तिथं हिंडली. माणसं तळलेली सुरमई खात होती, वाइन पीत होती. टिकलीला मात्र घर हवं होतं. तिचा शंख आता अंगाला काचत होता.

संध्याकाळी एका मांडवामागे तिला सजावटीतला भलामोठा शंख सापडला. ती आत शिरली, पण तो जागचा हलेना.

"लपवून ठेव. मोठी झालीस की राहशील," तिची धाकटी मैत्रीण ठकी म्हणाली.

तेवढ्यात आखूड शंखात अंग चोरून बसलेले थोराड बाबूआजोबा धापा टाकत आले. टिकली मोठ्या शंखातून बाहेर येऊन आपल्या शंखात परतली.

"आजोबा, हा तुमच्या मापाचा आहे."

आजोबा आत सरकले. "वाइनचा वास येतोय गं, पण ऐसपैस आहे!"

त्यांच्या रिकाम्या शंखात मागोमाग आलेली शेजारची सखूमावशी शिरली, मावशीच्या शंखात तिचा लेक. लेकाचा शंख टिकलीला अगदी नेमका बसला.

टिकलीच्या जुन्या शंखाभोवती आता ठकी घुटमळत होती.

"काय गं, लपवून ठेवू का हा?" टिकलीनं विचारलं, आणि हसत तो तिच्याकडे ढकलला.