नावांचा ढोल

त्या नदीकाठच्या राज्यात धनेश पक्ष्यांच्या तीन पिढ्या बिननावाच्या होत्या. पिल्लाला नाव द्यायचे ते ढोलाने, अशी त्यांची रीत. घरट्याबाहेर पडलेले पिल्लू गोरखचिंचेखाली आणायचे, ढोलावर चोचीने त्याच्यासाठी एक ठेका वाजवायचा, आणि तो ठेका म्हणजेच त्याचे नाव. दोघांचा ठेका कधी एक नसे. मग किनाऱ्याकडून बगळे राज्य करायला आले. ढोलामुळे झोपमोड होते, एवढे कारण सांगून त्यांनी तो उचलून नेला. पुढे बगळ्यांचे राज्यही गेले, पण ढोल काही परत आला नाही. धनेशांच्या घरात हाका मारायच्या त्या नुसत्या 'अरे' आणि 'अगं'.

ठेके येणारी एकटी न्येले उरली होती. ढोल वाजवण्याचा मान तिच्या घराण्याचा, आणि न्येले हे त्या घराण्याचेच नाव; तिचे स्वतःचे असे तिलाही नव्हते. आजीच्या मांडीशी बसून ती लाकडाच्या ओंडक्यावर शिकली होती. आता ती थकली होती. नदीपलीकडे बगळ्यांनी संग्रहालय मांडले आहे, हे कानावर आले तेव्हा दीड दिवस उडत ती तिथे पोचली.

आत फार शांत होते. हरणांचे नाचाचे मुखवटे भिंतीवर टांगलेले होते आणि त्यांना अंगे नव्हती. सुगरणींची घरटी ओळीने मांडली होती. तिसऱ्या दालनात, काचेच्या पेटीत, ढोल होता. खाली पाटी होती : 'ढोल. धनेश जमात. उपयोग : करमणूक.' न्येलेने ती दोनदा वाचली. तेवढ्यात माकडांचे एक कुटुंब आले, त्यांनीही पाटी वाचली आणि समाधानाने पुढे गेले.

तिने तिथल्या व्यवस्थापक बगळ्याला गाठून सगळे सांगितले. तो सभ्य होता. मान कलती करून त्याने शेवटपर्यंत ऐकले, टिपणही घेतले. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजीबाई, तुमच्या रानात ह्याला केव्हाच कीड लागली असती. आम्ही जपला, म्हणून निदान पाहायला तरी मिळतोय."

"पाहायचा नाहीये," न्येले म्हणाली, "वाजवायचा आहे."

त्याने तिला अर्ज करायला सांगितले. पुढच्या वर्षी ती अर्जाचे काय झाले ते विचारायला गेली, तेव्हा पाटी बदललेली होती : 'उपयोग : करमणूक व नामकरण. माहिती : एक वृद्ध मादी.'

नऊ वर्षे ती अर्ज करत राहिली. जवळच्यांनी नाद सोडायला सांगितले, तिने सोडला नाही. शेवटी बगळ्यांच्या मनात काय आले कोण जाणे, ढोल परत द्यायचे ठरले. मोठा समारंभ झाला. बगळ्यांनी आपल्या मनाच्या मोठेपणावर भाषणे केली, धनेशांनी पंख फडफडवले. गोरखचिंचेखाली पिल्लांची रांग लागली होती, आणि रांगेच्या शेवटी काही म्हातारेही खाली मान घालून उभे होते. न्येलेचा एक पंख आता लोंबत होता, तरी ती चोच धुऊन आली होती.

खोके उघडले. आतून काचेची पेटी निघाली आणि पेटीत ढोल, काल केल्यासारखा तुकतुकीत. व्यवस्थापक बगळा न्येलेजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काच तेवढी काढू नका. कीड लागू नये म्हणून आमच्या आजोबांनी त्यात विष मुरवलंय. चोच लागली की संपलंच."

विष उतरायला किती दिवस लागतील, असे तिने विचारले. ते उतरत नाही, त्याने सांगितले. म्हणून तर ढोल इतका टिकला.

बगळे गेले. कोणी जागचे हलले नाही. मग एका आईने आपले पिल्लू पुढे ढकलले.

न्येले कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्यासाठीचा ठेका तिला स्पष्ट ऐकू येत होता : दोन घुमणारे ठोके, मग जरा थांबून एक हलका, काठावर. तिने चोच उचलली आणि काचेवर मारली. टक्. कडेला मारून पाहिले, हळू मारून पाहिले. टक्. टक्. काचेला दुसरा आवाज नव्हता.

पण पिल्लू हरखून आईकडे धावले, आणि दुसरे पुढे आले. न्येले थांबली नाही. संध्याकाळपर्यंत रांग सरली, म्हाताऱ्यांसकट.

घरी निघताना पहिल्या आईने लेकराला पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "टक्!"

झाडाखालची सगळी पिल्ले एकदम वळली.