विडा रंगायच्या आत

फार फार पूर्वी, राजेही होते आणि मोटारीही होत्या, तेव्हाची ही गोष्ट. हे कसं, असं विचारू नका. पुराणातल्या राजांची विमानं आपण मुकाट्याने ऐकून घेतो, मग आमच्या राजाकडे एक मोटार असली तर काय बिघडलं?

हा राजा मनाने मोकळा आणि हाताने सढळ होता. पण घाईचा होता. त्याच्या दरबारात एक रीत होती. फिर्यादी समोर आला की महाराज तोंडात विडा टाकत, आणि विडा रंगायच्या आत निकाल लागे. कुणाला धान्य मिळे, कुणाला धोतरजोडी, कुणाला शेला. लोक मुजरा करून जात आणि महिन्याभराने पुन्हा येत. ते पुन्हा का येतात, हे विचारायला विडा पुरत नसे.

मोटारीचा सारथीही याच तालमीतला. चाक बसलं की तो टुणकन उतरे, टायरमधून ट्यूब ओढून काढी, भोकावर रबराचं ठिगळ चिकटवी आणि विडा रंगायच्या आत मोटार चालू करी. याचा त्याला भारी अभिमान होता.

एके दुपारी खबर आली, की रंगाऱ्यांचं गाव उठलं. राजाच्या आजोबांनी पायघड्या घालून वसवलेलं हे गाव. कापडाला लाल रंग द्यावा तर इथल्या रंगाऱ्यांनीच. वर्षभरात ते चारदा फिर्याद घेऊन आले होते. राजाने कधी घागरी दिल्या, कधी धान्य, एकदा त्यांच्या पाटलाला शेला पांघरवला. आता गाड्या भरून ते निघाले होते. दिवस मावळायच्या आत नदी उतरले की परमुलखात गेले, मग कुणाचं बोलावणं चालणार नव्हतं.

राजा ताडकन उठला. तो स्वतःच मोटारीत बसला.

वेशीबाहेर चाक बसलं. सारथ्याने ठिगळ लावलं. माळावर तेच चाक पुन्हा बसलं. पुन्हा ठिगळ. खिंडीच्या तोंडाशी तिसऱ्यांदा! चौथ्यांदा फुस्स झालं तेव्हा मोटार एका विहिरीपाशी उभी होती, ऊन कलायला लागलं होतं आणि डबीत एकच ठिगळ उरलं होतं.

विहिरीवर गोजराआजी बसली होती. गावोगावच्या कातडी मोटा शिवण्यात तिचा जन्म गेला होता. सारथी ठिगळ काढतोय तोच ट्यूबवरची आधीची ठिगळं पाहून ती म्हणाली, "थांब रे बाबा. आधी मला बघू दे."

"आजी, घाई आहे!"

"ती तर दिसतेच आहे. तीनदा केलीस की."

तिने ट्यूबमध्ये हवा भरायला लावली आणि ती विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडात, बुडवली. पाण्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. राजा मोटारीतून उतरला. एवढ्या वर्षांत भोक कसं सापडतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"बुडबुडा निघेल तिथेच भोक?" त्याने वाकून विचारलं.

"तिथेच. पण महाराज, ही आधीची तीन ठिगळं बघा. तिन्ही याच्या शेजारीच. इतक्या मोठ्या चाकाला नेमकं एवढ्याच जागी का टोचावं?"

राजा विडा थुंकून मातीत मांडी घालून बसला. "का बरं?"

"टायरच्या आत बोट फिरवा. हळूच हं."

"महाराजांनी?" सारथी दचकला.

पण राजाने हात घातलाच. बोट फिरवत गेला, फिरवत गेला आणि "आई गं!" म्हणून थांबला. बोटावर रक्ताचा थेंब होता. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडून बसलं होतं. बाहेरून त्याचा मागमूसही नव्हता.

राजा मुलासारखा हसला. "हाच चोर! आम्ही नवं ठिगळ लावायचं आणि हा ते शाबूत ठेवून शेजारी टोचायचा!"

आजीने चिमट्याने काटा उपसला. ट्यूब कोरडी केली, भोकाभोवती घासली, चिकटा लावला आणि तो सुकेपर्यंत सारथ्याला ठिगळाला हात लावू दिला नाही. सारथी सूर्याकडे बघत घाम पुसत राहिला. राजा मात्र सुकणाऱ्या चिकट्याकडे टक लावून बसला होता.

यानंतर चाक बसलं नाही. मोटार नदीवर पोचली तेव्हा पहिल्या गाडीचे बैल पाण्यात उतरले होते.

पाटील पुढे आला. त्याने मुजरा केला, पण मान वर केली नाही. "आता काय देणार, महाराज?"

सवयीने राजाचा हात विड्याच्या डब्याकडे गेला. बोट ठसठसलं. त्याने हात मागे घेतला आणि वाळूत बसकण मारली.

"देत काही नाही, पाटील. तुम्हाला टोचतंय काय, ते सांगा."

"सांगायची चोरी आहे, महाराज," पाटील म्हणाला.

"सांगा. मी बसलोय."

"रंग धुवायला वाहतं पाणी लागतं. आमचा ओढा वरच्या अंगाला अडवलाय. तुमच्या कमळांच्या तळ्यासाठी. हुकूम तुमचाच होता."

राजाला आठवलं. एका सकाळी, विडा रंगायच्या आत, त्याने तो हुकूम दिला होता. या वेळी तो हसला नाही. त्याला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही. "काटा माझाच निघाला," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी स्वतः येतो. तुमच्या देखत बांध फोडू."

बैल पाण्यातून मागे फिरले. दुसऱ्या दिवशी ओढा वाहू लागला. तळ्यातली कमळं सुकली, राजवाड्यासमोर नुसता चिखल उरला, आणि राजाने तो तसाच दिसू दिला. दरबारातून विड्याचा डबा हलवला गेला. निकालांना उशीर होऊ लागला; पण एकदा गेलेला फिर्यादी तेच रडगाणं घेऊन पुन्हा येईनासा झाला. सारथी मात्र अजून कुरकुरतो, की पूर्वीसारखी झटपट कामं होत नाहीत.

तर मंडळी, लक्षात ठेवा: ठिगळ लावण्याआधी काटा शोधावा, आणि तो आपलाच निघाला तरी उपसावा.