संध्याकाळ ओळखणारा डोळा

“आणि त्याला कळतं कसं, की आता संध्याकाळ झाली?”

दस्तगीर पेंटर तिठ्यावरच्या लाकडी बाकावर बसले होते. समोर, रस्त्यापलीकडे, दोन मजली घराएवढा एलईडी बोर्ड झगमगत होता.

“त्याला डोळा आहे, उस्ताद,” प्रल्हाद गुरव म्हणाला. “सेन्सर. बाहेरचा उजेड मोजतो. ऊन असलं की बोर्ड प्रखर होतो, अंधारू लागलं की मंद. सगळं आपोआप.”

“आपोआप.”

“हो ना. माणसाचा हात लावायची गरजच नाही.”

“मग आज अजून झाली नाही वाटतं संध्याकाळ.”

सूर्य मावळून वीस मिनिटं झाली होती. बोर्डावर कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस चालला होता. पांढरा सदरा, काळा चष्मा, मागे पांढराशुभ्र प्रकाश. तिठ्यावर येणारा प्रत्येक दुचाकीवाला एक हात सोडून डोळ्यांवर धरत होता.

प्रल्हाद हसला. “उस्ताद, तुम्हाला रंगाचं काम कळतं. हे वेगळं आहे.”

वीस वर्षांपूर्वी हाच प्रल्हाद दस्तगीर पेंटरांच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. नायिकेचा एक डोळा झाला की उस्ताद त्याला परांचीवरून खाली उतरवायचे. रस्ता ओलांडायचा, पलीकडून बघायचं, परत यायचं, मग दुसरा डोळा. भर उन्हात, दिवसातून तीस वेळा. पोराचे पाय दुखायचे. उस्ताद म्हणायचे, परांचीवर बसून काढलेला चेहरा परांचीवरच राहतो.

आता प्रल्हादला कुठे उतरावं लागत नव्हतं. त्याचे सगळे बोर्ड ऑफिसातून, एका लॅपटॉपवरून चालत.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून बाकावर ठेवला.

“सही हवी होती.”

“कशावर?”

“तक्रार मागे घेतल्याची. सोमवारी सुनावणी आहे. आणखी बारा चौकांचे बोर्ड मला मिळतायत, उस्ताद. सगळ्या गावात एकच तक्रार आहे. तुमची.”



तक्रार अशी होती. अठरा दिवसांपूर्वी याच वेळी, याच तिठ्यावर, भाजी विकणाऱ्या बेबीताई कोळेकर रस्ता ओलांडत होत्या. टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. टेम्पोवाल्याने जबाबात सांगितलं, “समोर नुसता उजेड होता. बाई दिसलीच नाही.”

चौकशीला नगरपालिकेचे साहेब आले ते दुपारी बारा वाजता. रखरखीत उन्हात त्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि ‘प्रकाश योग्य प्रमाणात आढळला’ असं लिहून नेलं. त्या उन्हात वणवा पेटला असता, तरी तो योग्य प्रमाणातच आढळला असता.

“साहेबांनीही लिहून दिलंय,” प्रल्हाद म्हणाला.

“वाचलं.”

“मग?”

“तू इथं किती वेळा बसलास?”

“कुठे?”

“या बाकावर.”

“बसायची गरज काय? कॅमेरा आहे. ऑफिसात सगळं दिसतं.”

“बोर्ड दिसतो.”

“हो.”

“बरं…”

बोर्डावरचा वाढदिवस संपला. काळी चौकट आली. कुणा वृद्ध गृहस्थाला भावपूर्ण श्रद्धांजली. काळ्या पडद्यावर हाताएवढा फोटो, खाली चार ओळी. तिठा एकदम निवला. पलीकडची सायकलची दुकानं दिसली, झाडाचा बुंधा दिसला, दुभाजकावर बसलेलं कुत्रं दिसलं.

मग पांढऱ्या पडद्यावर साड्यांचा सेल लागला. पहिल्यांदा तो मऊ होता, दुधासारखा. बघता बघता चढत गेला, चढत गेला आणि डोळ्यांत घुसला.

“पाहिलंस?” उस्तादांनी विचारलं.

“काय?”

“रोज बघतो मी. श्रद्धांजली लागली की तुझा बोर्ड शहाण्यासारखा वागतो. पांढरं काही आलं की हळूहळू पेटतो. या तिठ्यावर नीट दिसायला कुणीतरी मरावं लागतंय, परल्हाद.”

प्रल्हाद पुढे झुकला. पहिल्यांदाच त्याने त्या बोर्डाकडे विकणाऱ्याच्या नजरेने पाहिलं नाही.

“असं व्हायला नको,” तो हळूच म्हणाला. मग लगेच, “सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल. मुंबईला फोन करतो.”

“मुंबईला संध्याकाळ वेगळी असते का?”

“तसं नाही, उस्ताद…”

“चल. तुझा तो डोळा दाखव.”

दस्तगीर पेंटर उठले. वय अठ्ठ्याहत्तर. रस्त्यात पाऊल टाकताना त्यांनी हात असा वर धरला, जसा वाहतूक पोलीस धरतो. दोन पावलं मागून प्रल्हाद निघाला. तो बोर्डाकडे बघत होता, कारण आता त्यावर त्याचाच फोटो लागला होता. पांढऱ्या पडद्यावर सूट, टाय, खाली ‘जिल्ह्याला उजळवणारे नाव’.

ब्रेक करकचून वाजले. एक छोटा हत्ती टेम्पो त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

“डोळे फुटले का रे?” प्रल्हाद ओरडला.

“माझे?” ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “समोर बघ की काय लावून ठेवलंय! कुठल्या येड्यानं लावलाय काय म्हाईत!”

त्याने प्रल्हादला ओळखलं नाही. पंधरा फुटी फोटो समोर असूनही.

उस्ताद पलीकडे बोर्डाच्या खांबाला टेकून उभे होते. हसले नाहीत.

खांबाला लोखंडी शिडी टेकवलेली होती. प्रल्हाद सात पायऱ्या चढला. बोर्डाच्या खालच्या कडेला, छज्ज्याच्या आत, वीतभर लांबीची एक पट्टी होती. तिच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी काच.

“हा बघा. हाच सेन्सर.”

“आत कशाला बसवलाय? बाहेर असतो ना?”

“आधी वरच होता. आभाळाकडे तोंड करून.” प्रल्हाद शिडीवरून सांगू लागला. “पण कबुतरं, उस्ताद! त्याच्यावर घाण करायची. डोळा झाकला की बोर्डाला वाटायचं, रात्र झाली. भर दुपारी मंद. साडीवाल्यांनी डोकं खाल्लं. माझ्या माणसांना काही सुचेना. मग मीच म्हटलं, खाली घ्या, छज्ज्याच्या आत वळवून लावा. काच स्वच्छ राहते. तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.”

“एकदाही?”

“म्हणजे… जाहिरातवाल्यांची.”

“हुशारी केलीस.”

“मग!”

“आता तो कुठं बघतो?”

“आत.”

“आत काय आहे?”

प्रल्हादने मान वळवली. डोळ्यापासून हातभर अंतरावर ‘उजळवणारे नाव’ ही अक्षरं होती. इतक्या जवळून ती अक्षरं नव्हती. नुसते तांबडे, हिरवे, निळे ठिपके. डोळे दिपून त्याने मान फिरवली.

“आत काय आहे, परल्हाद?”

“…पडदा.”

खाली हॉर्न वाजत होते. उस्ताद वाट बघत राहिले.

“त्याच्यावर हात ठेव,” ते म्हणाले.

“कशावर?”

“त्या डोळ्यावर. तळवा ठेव. घट्ट.”

प्रल्हादने तळवा ठेवला. पाच सेकंद काही झालं नाही. दहा. मग फोटोवरचा सूट निवला, टाय निवला, गाल निवले. सबंध बोर्ड कंदिलासारखा झाला. चित्र तसंच होतं, अक्षरंही वाचता येत होती. फक्त आता तिठाही होता.

दुचाकीवाल्यांचे हात डोळ्यांवरून खाली आले. हॉर्न थांबले.

प्रल्हादने शिडीवरूनच मागे पाहिलं. मघाचा बाक दिसला. बाकाच्या उजवीकडे, दहा पावलांवर, एका घराच्या उंबऱ्यात खुर्ची होती. खुर्चीत एक बाई, समोरच्या स्टुलावर प्लास्टरमधला पाय.

“त्या कोण?” त्याने विचारलं, जरी त्याला कळलं होतं.

“बेबी.”

“कधी आल्या बाहेर?”

“तू यायच्या आधीपासून बसलीय.”

तिकडून बेबीताईंचाच आवाज आला. “कोण चढलंय हो वर, चाचा?”

“परल्हाद!” उस्तादांनी ओरडून सांगितलं. “बोर्डवाला!”

प्रल्हादने मान खाली घातली.

“अहो, मग एवढ्या वर कशाला चढवलाय त्याला?” बेबीताई म्हणाल्या. “पडंल की! पाय मोडला म्हंजे काय असतं, मला इचारा. शिडी धरा तेवढी.”

दस्तगीर पेंटरांनी एका हाताने शिडी धरली.

बोर्डावर पुन्हा वाढदिवस आला, पांढरा सदरा, काळा चष्मा. या वेळी तो पेटला नाही. प्रल्हादचा दंड भरून आला होता.

“उस्ताद…”

“बोल.”

“हात काढू?”

उस्तादांनी शिडी सोडली नाही. दुसऱ्या हातात प्रल्हादचा कागद होता, मघाशी त्याने बाकावर ठेवलेला, येताना त्यांनी उचललेला. तो त्यांनी खांबाला टेकवला, कोपराने दाबून धरला आणि सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं.

“मी सही करतो,” ते म्हणाले. “तू तेवढा हात काढू नकोस.”