कोरड्या कोपऱ्यातली आमरी

तुमच्या-आमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पश्चिमेकडच्या एका समुद्राकाठी असा देश होता, जिथे पाऊस हिवाळ्यात पडे आणि उन्हाळा कडकडीत कोरडा जाई. तिथल्या एका गावात एक बाई होती. तिच्या हाताला गुण होता. हिने वाळकी काठी रोवली तरी पालवी फुटेल, असं गाव म्हणे, आणि बाईला ते ऐकायला फार आवडे.

तिच्या मुलाने दूरच्या डोंगरातली मुलगी करून आणली. उन्हाळा नुकताच लागला होता. सुनेने माहेराहून एका फडक्यात मूठभर कंद आणले होते, डोंगरातल्या मातीसकट.

"आत्याबाई, ही आमरी. हिला मधमाशीसारखं फूल येतं," एवढंच ती म्हणाली. नवी नवरी आणखी काय बोलणार?

पोरीचं माहेर आपल्या अंगणात फुलवून दाखवू, असं सासूने ठरवलं. तिने कंदांची माती झटकली, ते स्वच्छ धुतले, विहिरीजवळच्या उत्तम वाफ्यात लावले. वर शेणखत घातलं आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. सुनेच्या ताटातही ती तितक्याच मायेने तूप ओती. सून नको म्हणाली, की सासू आणखी एक पळी वाढी.

सून मात्र सुकत चालली. पावसाच्या तोंडावर एके दिवशी सासूने तिला नवऱ्याशी बोलताना ऐकलं. "पाऊस उघडला, की मला आईकडे पोचवून या. मी तिकडेच राहीन."

त्या रात्री सासूने सुनेच्या ताटात आणखी दोन पळ्या तूप ओतलं.

हिवाळी पाऊस सुरू झाला, तरी वाफ्यात पान दिसेना. सासूने माती उकरली. कंद कुजून गेले होते, एकच तेवढा हाताला टणक लागला. तो तळहातावर घेऊन ती तिथेच बसली आणि तिला रडू कोसळलं. मग डोळे पुसून ती सुनेकडे गेली.

"पोरी, मी आधी तुला विचारायला हवं होतं. याला काय लागतं ग?"

"याला त्याची स्वतःची माती लागते. खत सोसत नाही. आणि उन्हाळ्यात तो झोपतो, तेव्हा पाणी द्यायचं नसतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने करत होतात, आत्याबाई. कोणत्या तोंडाने बोलू?"

सुनेने आतून ते फडकं आणलं. सासूने झटकलेली माती तिने गोळा करून ठेवली होती. भिंतीच्या कडेला दिवसभर उन्हात तापणारा, दगड आणि फुटक्या कौलांचा एक कोपरा होता. दोघींनी मिळून कंद तिथे लावला.

"आणि तुला काय लागतं?" सासूने विचारलं.

सून घुटमळली. "तूप नको. कोरडी भाकरी आणि लसूण चालेल. आणि दुपारी जरा वेळ एकटीला बसू द्या."

सासू बरं म्हणाली आणि तसं वागलीही. माहेरी जायचं लांबणीवर पडलं.

त्या हिवाळ्यात दोन पानं आली आणि उन्हाळा लागताच वाळून गेली. "काय ग, यंदा दगड पिकवतेस होय?" शेजारीण हसली. सासूचे हात शिवशिवत होते. एका दुपारी कळशी भरून ती कोपऱ्याशी गेलीच.

"मेला असेल का ग?"

"झोपलाय," सून म्हणाली.

सासूने कळशी भोपळ्याच्या वेलाला ओतली.

पुढचा पाऊस आला, पानं आली, आणि हिवाळा सरता सरता तपकिरी मखमली फूल उमललं, देठावर मधमाशी बसावी तसं. एक खरीखुरी मधमाशी आली, त्या फुलाला आपलीच सोबतीण समजून बिलगली आणि गोंधळून उडाली. सून खळखळून हसली. ते हसू त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "आता आईलाच इकडे बोलवा. तिला आमचं फूल दाखवायचंय."

सासू चुलीपाशी होती. 'आमचं' हा शब्द तिने ऐकला आणि तिचे डोळे भरून आले.

बाळांनो आणि थोरांनो, ध्यानात एवढंच ठेवा: ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवं ते आधी विचारावं.